ग्रीवा प्रारण चिकित्सा : रक्तवाहिन्यांवरील दीर्घकालीन परिणाम

ग्रीवा प्रारण चिकित्सा : मानेतील किंवा मानेलगतच्या मारक अर्बुदांवर (कोशिकांच्या अनिर्बंध वाढीमुळे बनलेल्या व शरीरात पसरणाऱ्या गाठींवर) क्ष-किरण, गॅमा किरण इ. आयनीकारक प्रारणांनी (तरंगरूपी किंवा कणरूपी ऊर्जेने) केलेल्या उपचारास ग्रीवा प्रारण चिकित्सा म्हणतात. रुग्णांच्या बोलीत यालाच ‘शेक देणे’ किंवा ‘लाईट देणे’ असे म्हटले जाते. या उपचाराने मुख, ग्रसनी (घसा), स्वरयंत्र, अवटू ग्रंथी, लाला ग्रंथी व लसीका ग्रंथी यांच्या कर्करोगांपासून असंख्य रुग्णांची सुटका झाली आहे. मात्र प्रारणाच्या मार्गात येणाऱ्या निरोगी रक्तवाहिन्यांवर त्याचे जे परिणाम होतात, ते उपचारानंतर लगेच दिसत नाहीत. ते अनेक वर्षे, बहुधा दशकभर, सुप्तपणे वाढत राहतात आणि रुग्ण कर्करोगातून मुक्त झाल्याचे समाधान स्थिरावल्यावर प्रकट होतात. त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा परिणाम म्हणजे ग्रीवा रोहिणी अरुंद होणे व त्यातून उद्‌भवणारा मस्तिष्काघात (पक्षाघाताचा झटका) हा होय.

शारीर : मेंदूला चार रोहिण्यांमार्फत रक्तपुरवठा होतो. मानेच्या पुढील भागात दोन्ही बाजूंना एकेक ग्रीवा रोहिणी असते व मणक्यांच्या आडव्या प्रवर्धांतील छिद्रांतून जाणाऱ्या दोन कशेरुक रोहिण्या असतात. उजवी समाईक ग्रीवा रोहिणी महारोहिणीच्या पहिल्या शाखेपासून आणि डावी प्रत्यक्ष महारोहिणीच्या कमानीपासून निघते. स्वरयंत्राच्या अवटू उपास्थीच्या वरच्या कडेच्या पातळीवर प्रत्येक समाईक रोहिणीचे दोन भाग होतात. त्यांपैकी बाह्य ग्रीवा रोहिणी चेहरा, जीभ, जबडा इत्यादींना आणि अंतर्ग्रीवा रोहिणी मेंदू व डोळा यांना रक्त पुरविते. विभाजनस्थानी असलेल्या किंचित फुगीर भागात दाबग्राही तंत्रिकाग्रे असतात व ती रक्तदाबाच्या नियमनात भाग घेतात.

मानेतील लसीका ग्रंथींची मुख्य साखळी याच रोहिणीला व तिच्या शेजारच्या अंतर्ग्रीवा नीलेला चिकटून असते. मुखाचा किंवा घशाचा कर्करोग प्रथम याच ग्रंथींत पसरतो. त्यामुळे ग्रंथींना पुरेशी मात्रा द्यावयाची, तर रोहिणीलाही जवळजवळ तितकीच मात्रा मिळते. रोहिणीला इजा होते ती उपचारातील हलगर्जीपणामुळे नव्हे, तर मुख्यत्वे या शारीरिक सान्निध्यामुळे, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

इतिहास : व्हिल्हेल्म कोनराट राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला व पुढील काही वर्षांतच हे किरण उपचारासाठी वापरले जाऊ लागले. त्यांच्यामुळे त्वचेवर होणाऱ्या व्रणांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भित्ती जाड झाल्याचे वर्णन आल्फ्रेट गासमान यांनी १८९९ मध्ये केले होते. म्हणजे रक्तवाहिन्यांवरील दुष्परिणामाची नोंद या उपचाराइतकीच जुनी आहे. १९२० नंतरच्या दशकात पॅरिस येथील रेडियम संस्थेत क्लोद रगो व आंरी कुतार यांनी एकूण मात्रा अनेक आठवड्यांत विभागून देण्याची पद्धत रूढ केली व तिच्यामुळे घशाच्या व स्वरयंत्राच्या कर्करोगांवर प्रथमच खात्रीचे उपचार होऊ लागले. १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी समस्थानिकाची उपचारयंत्रे सुरू झाली, तर १९५३ मध्ये लंडन येथे रेखीय वेगवर्धकाने रुग्णोपचारास प्रारंभ झाला. या यंत्रांमुळे त्वचेची होरपळ कमी होऊन शरीरात खोलवर मोठी मात्रा पोहोचविता येऊ लागली.

महाराष्ट्रात मुंबई येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तंबाखू व सुपारी यांच्या सेवनामुळे होणारे मुखाचे व घशाचे कर्करोग भारतात मोठ्या प्रमाणावर आढळतात. मुखाच्या पुढारलेल्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर मानेवर प्रारण देण्याची आवश्यकता बहुधा असते. यामुळे हा विषय येथील रुग्णांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्याच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी घातली.

मोठ्या रोहिण्यांवरील परिणाम दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. मोठ्या रोहिण्या प्रारणाला दाद देत नाहीत, अशी समजूत होती. शिवाय परिणाम प्रकट होईपर्यंत फारच थोडे रुग्ण हयात असत आणि जे असत त्यांना झालेला पक्षाघात वयाच्या किंवा धूम्रपानाच्या खाती जमा होई. उपचार अधिक यशस्वी होऊन रुग्ण वीस-तीस वर्षे जगू लागले, तेव्हाच या विकाराचे खरे स्वरूप ध्यानात आले.

मात्रा : शोषित मात्रेचे एकक ‘ग्रे’ हे आहे. एक किग्रॅ. ऊतकात (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहात) एक जूल ऊर्जा शोषली गेली म्हणजे ती मात्रा एक ग्रे होते. लुई हॅरल्ड ग्रे या ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या नावावरून हे एकक १९७५ मध्ये स्वीकारण्यात आले. जुन्या कागदपत्रांत ‘रॅड’ हे एकक आढळते व १०० रॅड म्हणजे १ ग्रे होय. घशाच्या किंवा मुखाच्या कर्करोगात सामान्यतः दररोज २ ग्रे याप्रमाणे आठवड्यातून पाच दिवस, सु. सात आठवड्यांत एकूण ६६ ते ७० ग्रे मात्रा देतात. शस्त्रक्रियेनंतर ती बहुधा ६० ते ६६ ग्रे असते. हॉजकिन रोगात (लसीका ग्रंथींच्या एका प्रकारच्या कर्करोगात) पूर्वी मान, काख व छाती यांवर मिळून सु. ४० ग्रे देत असत. रासायनी चिकित्सेची जोड मिळाल्यामुळे आता बहुधा २० ते ३० ग्रे पुरतात आणि त्याही मर्यादित क्षेत्रावर देतात.

विकृतिविज्ञान : प्रारणामुळे ऊतकातील पाण्याचे व इतर रेणूंचे आयनीकरण होते व अतिशय विक्रियाशील मुक्त मूलके निर्माण होतात. ती कोशिकेच्या डीएनए या आनुवंशिक द्रव्याच्या साखळ्या तोडतात. कर्ककोशिका झपाट्याने विभागत असल्यामुळे लवकर मरतात. रोहिणीच्या भित्तीतील कोशिका क्वचितच विभागतात. म्हणून त्यांची इजा तत्काळ नजरेस येत नाही.

रोहिणीच्या भित्तीत अंतःस्तर, मध्यस्तर व बाह्यस्तर असे तीन स्तर असतात. पोकळीला लागून असलेले अंतःस्तराचे आच्छादन एकाच कोशिकेच्या जाडीचे असते व ते प्रारणाला सर्वांत संवेदनशील असते. निरोगी स्थितीत हे आच्छादन रक्त गोठू देत नाही व वाहिनी सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड तयार करते. प्रारणाने ते दुखावले की, त्याला पांढऱ्या रक्तकोशिका चिकटू लागतात, रक्तातील वसाद्रव्ये भित्तीत शिरतात व तेथे शोथ (दाहयुक्त सूज) निर्माण होतो. हा शोथ जखमेच्या शोथाप्रमाणे काही दिवसांत शमत नाही. स्वीडनमधील संशोधकांनी २०१० मध्ये एक उद्‌बोधक तुलना प्रसिद्ध केली. पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियेच्या वेळी एकाच रुग्णाच्या मानेतील प्रारण मिळालेली रोहिणी व शरीराच्या दुसऱ्या भागातील प्रारण न मिळालेली रोहिणी असे दोन्ही नमुने मिळू शकतात. त्यांची तपासणी केली असता, प्रारण मिळालेल्या रोहिणीत शोथाला चालना देणारी जनुकयंत्रणा उपचारानंतर कित्येक वर्षांनीही कार्यरत असल्याचे आढळले. वय, रक्तदाब, धूम्रपान वगैरे सर्व घटक दोन्ही नमुन्यांत एकाच व्यक्तीचे, म्हणून समान होते. फरक होता तो केवळ प्रारणाचा.

दुसरी प्रक्रिया बाहेरून आत चालते. मोठ्या रोहिणीच्या भित्तीचे पोषण करण्यासाठी तिच्या बाह्यस्तरात अतिसूक्ष्म वाहिन्यांचे जाळे असते. प्रारणामुळे या वाहिन्या बंद पडतात, मध्यस्तरातील स्नायू व लवचिक तंतू यांचा ऱ्हास होतो आणि त्यांच्या जागी ताठर तंतुमय ऊतक येते. भोवतालच्या मऊ ऊतकांतही तंतुमयता येऊन रोहिणी जणू कठीण वेष्टनात जखडली जाते.

या दोहोंच्या जोडीला रोहिणी विलेपी विकार (भित्तीत वसायुक्त विलेप साचणे) वेगाने वाढतो. कोलेस्टेरॉलयुक्त आहार दिलेल्या सशांच्या रोहिण्यांत प्रारणाने हा विकार अधिक तीव्र होतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. वयोमानाने होणारा विलेपी विकार व प्रारणजन्य विकार यांच्या स्थानांत मात्र फरक आढळतो. पहिला मुख्यत्वे विभाजनस्थानी थोड्या लांबीत होतो. दुसरा उपचारक्षेत्रात येणाऱ्या कोणत्याही भागात, विशेषतः समाईक ग्रीवा रोहिणीत, लांबवर पसरलेला असतो. क्षेत्राबाहेरची रोहिणी त्या मानाने निरोगी असते.

प्रमाण व कालावधी : नेदर्लंड्समध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वरयंत्राच्या व कानाजवळील लाला ग्रंथीच्या अर्बुदांसाठी मानेवर प्रारण घेतलेल्या, साठ वर्षांखालील ३६७ रुग्णांचा मागोवा घेण्यात आला. समवयस्क लोकसंख्येच्या मानाने त्यांच्यात मस्तिष्काघाताचे २.५ रुग्ण अपेक्षित होते. प्रत्यक्षात १४ आढळले. म्हणजे धोका सु. ५.६ पट होता आणि दहा वर्षे उलटून गेलेल्या रुग्णांत तो सु. १० पट होता. पंधरा वर्षांतील एकत्रित संभाव्यता सु. १२ टक्के भरली. बालपणी हॉजकिन रोग होऊन बरे झालेल्या व्यक्तींच्या अमेरिकेतील पाहणीत (२००५), त्यांच्या भावंडांच्या तुलनेने मस्तिष्काघाताचा धोका सु. चौपट आढळला. हाँगकाँग येथे नासाग्रसनीचा (नाकामागील घशाच्या भागाचा) कर्करोग सामान्य असल्यामुळे तेथील वैद्यांनी या विषयाचा बराच अभ्यास केला आहे. ग्रीवा रोहिणीतील मार्गसंकोच पन्नास टक्क्यांहून कमी असलेल्या व्यक्तींत तो या मर्यादेपलीकडे जाण्याचे वार्षिक प्रमाण प्रारण घेतलेल्यांत सु. १५ टक्के व इतरांत सु. ५ टक्के असल्याचे तेथे १९९९ मध्ये दिसून आले.

या आकड्यांचा अर्थ लावताना दोन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. एक, बहुसंख्य रुग्णांना मस्तिष्काघात होत नाही. दोन, धोका काळाबरोबर ओसरत नाही, उलट वाढतो. कर्करोगतज्ञाकडील नियमित तपासण्या सामान्यतः पाच वर्षांनंतर विरळ होतात. नेमका त्यानंतरच रोहिणीचा विकार डोके वर काढतो, ही या विषयातील खरी अडचण आहे.

इतर रक्तवाहिन्यांवरील परिणाम : (१) सूक्ष्म वाहिन्या : केशवाहिन्या नष्ट होतात व उरलेल्या वेड्यावाकड्या फुगतात, मानेच्या त्वचेवर दिसणारे तांबडे जाळे हे त्याचेच बाह्य चिन्ह होय. जबड्याच्या अस्थीचा रक्तपुरवठा घटल्यामुळे दात काढल्यानंतर जखम न भरता अस्थी मृत होऊ शकते. अशा ऊतकांत रक्तवाहिन्या, ऑक्सिजन व जिवंत कोशिका या तिन्हींची उणीव असते, अशी उपपत्ती रॉबर्ट मार्क्स यांनी १९८३ मध्ये मांडली. यासाठी खराब दात प्रारण सुरू करण्यापूर्वीच काढणे श्रेयस्कर असते. (२) नीला : नीलेच्या भित्ती पातळ व रक्तदाब कमी असल्यामुळे भोवतालच्या तंतुमयतेने ती दबते व तीत क्लथ (रक्ताची गुठळी) होऊ शकतो. (३) अधोजत्रू रोहिणी (गळपट्टीच्या हाडाखालून हाताकडे जाणारी रोहिणी) : ती अरुंद झाल्यास दोन हातांच्या रक्तदाबांत फरक पडतो व हात लवकर थकतो. (४) दाबग्राही यंत्रणा : तिला इजा झाल्यास रक्तदाब अस्थिर होऊन कधी एकाएकी चढतो, तर उभे राहताच उतरतो. (५) रोहिणीचा विदार : क्षीण झालेली ग्रीवा रोहिणी फुटून मुखावाटे किंवा मानेतील जखमेतून प्रचंड रक्तस्राव होणे ही विरळा परंतु अतिशय भयानक घटना होय. एकदा प्रारण दिलेल्या मानेवर पुन्हा प्रारण द्यावे लागल्यास हिची शक्यता वाढते. अशा सु. दीड हजार रुग्णांच्या एकत्रित आढाव्यात (२०१२) ती २.६ टक्के रुग्णांत घडली व त्यांपैकी सु. तीन चतुर्थांश दगावले. प्रारंभी थोडासा ‘सूचक’ रक्तस्राव होऊन थांबतो. तो थांबला म्हणून स्वस्थ न राहता रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात नेले पाहिजे.

लक्षणे : ग्रीवा रोहिणी पुष्कळ अरुंद होईपर्यंत कोणतीही तक्रार नसते. मानेवर श्रवणयंत्र ठेवले असता कधीकधी फूत्कारासारखा आवाज ऐकू येतो. विलेपावरील क्लथाचा तुकडा सुटून मेंदूकडे वाहत गेला, तर अंतर्कीलन (वाहून आलेल्या तुकड्याने वाहिनी बंद होणे) होते. एका डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखी काही मिनिटे दृष्टी जाणे, चेहऱ्याची एक बाजू लोंबणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, शब्द न सुचणे किंवा बोबडे बोलणे ही लक्षणे होत. ती काही मिनिटांत नाहीशी झाली, तरी मोठ्या झटक्याची पूर्वसूचना समजावयाची असतात.

या रुग्णांच्या बाबतीत एक विशेष धोका असतो. जिभेच्या किंवा जबड्याच्या शस्त्रक्रियेमुळे त्यांचे बोलणे आधीच अस्पष्ट असते, ओठाचा कोपरा वाकडा असतो आणि खांदा कमजोर असतो. त्यामुळे नव्याने आलेले लक्षण ‘जुन्या ऑपरेशनचेच’ मानले जाण्याचा संभव असतो. यासाठी नेहमीच्या स्थितीत एकाएकी पडलेला कोणताही फरक घरच्या माणसांनी महत्त्वाचा मानावा. क्लथ विरघळविणारे औषध सामान्यतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत देता आले, तरच त्याचा उपयोग होतो.

निदान : श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या व डॉप्लर तत्त्वाच्या साहाय्याने रोहिणीच्या भित्तीची जाडी, विलेप व रक्तप्रवाहाचा वेग ही सर्व वेदना न होता व नवे प्रारण न देता पाहता येतात. भित्तीची जाडी वाढल्याचे उपचारानंतर एक-दोन वर्षांतही मोजता येते. मात्र तपासणी विभाजनस्थानापुरती न करता समाईक रोहिणीच्या संपूर्ण लांबीची करणे जरूर असते. संकोच लक्षणीय आढळल्यास नीलेत रंजकद्रव्य देऊन संगणकीकृत क्ष-किरण छेदचित्रण किंवा चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शन करतात. लक्षणे नसलेल्या प्रत्येक रुग्णाची ठराविक अंतराने अशी तपासणी करावी किंवा नाही, याविषयी तज्ञांत एकमत नाही. तथापि बालपणी मानेवर ४० ग्रे किंवा अधिक मात्रा मिळालेल्यांची दहा वर्षांनंतर एकदा तपासणी करावी, अशी शिफारस केली जाते.

उपचार व प्रतिबंध : उच्च रक्तदाब, मधुमेह व रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल यांचे कसोशीने नियंत्रण करणे व तंबाखू पूर्णपणे वर्ज्य करणे हा उपचाराचा पाया होय. प्रारणामुळे अवटू ग्रंथी मंदावते व त्यामुळे कोलेस्टेरॉल वाढते. म्हणून तिच्या हॉर्मोनांची तपासणी नियमित करावी लागते. रोहिणीत संकोच आढळल्यास स्टॅटिन वर्गातील औषधे व ॲस्पिरिनासारखी बिंबाणूंना एकत्र चिकटू न देणारी औषधे सामान्यतः देतात.

संकोच तीव्र असून लक्षणे दिसू लागली असल्यास मार्ग मोकळा करावा लागतो. रोहिणी उघडून विलेपासह अंतःस्तर काढून टाकण्याची शस्त्रक्रिया प्रारण मिळालेल्या मानेत अवघड ठरते. ऊतके एकमेकांना चिकटलेली असतात, जखम भरण्यास विलंब लागतो आणि जीभ व स्वरयंत्र यांच्या तंत्रिकांना इजा होण्याची शक्यता अधिक असते. म्हणून अशा रुग्णांत जांघेतील रोहिणीतून नलिका नेऊन धातूची जाळीदार नळी (स्टेंट) बसविण्याचा पर्याय अनेकदा निवडला जातो. त्यात मान उघडावी लागत नाही, परंतु बसविलेली नळी पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण अधिक असते.

उपचाराच्या आखणीतही सुधारणा झाली आहे. १९९० नंतर प्रसृत झालेल्या तीव्रता-नियंत्रित प्रारण पद्धतीत किरणांच्या झोताचा आकार व तीव्रता संगणकाने बदलून अर्बुदाला पूर्ण मात्रा व शेजारच्या इंद्रियांना कमी मात्रा देता येते. स्वरतंतूंच्या प्राथमिक अवस्थेतील कर्करोगात ग्रंथींवर प्रारण देण्याची गरज नसल्याने ग्रीवा रोहिण्या बऱ्याच अंशी वाचविता येतात. ग्रंथींत रोग पसरलेला असल्यास मात्र हे शक्य होत नाही. रोहिणीच्या दृष्टीने निर्धोक म्हणता येईल अशी मात्रेची निश्चित मर्यादा सिद्ध झालेली नाही.

वरील परिणामांच्या भीतीने प्रारण नाकारणे सर्वस्वी अयोग्य होय. मानेतील कर्करोगावर उपचार न केल्यास तो बहुधा काही महिन्यांतच जीव घेतो; रोहिणीचा विकार दहा-वीस वर्षांनी होण्याचा संभव असतो आणि त्याला आवर घालता येतो. याकरिता कोणत्या भागावर, किती ग्रे, किती दिवसांत व कोणत्या वर्षी प्रारण दिले, याची नोंद असलेला कागद रुग्णाने आयुष्यभर जपून ठेवावा व पुढे कोणत्याही वैद्याकडे, दंतवैद्याकडेसुद्धा, जाताना तो दाखवावा. वैद्यानेही तरुण वयात पक्षाघात झालेल्या रुग्णाला ‘पूर्वी गळ्याला शेक घेतला होता का?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. मानेचे व्रण कालांतराने पुसट होतात. रोहिणीच्या भित्तीतील बदल मात्र कायम राहतात.